आधी मोजदाद, मग कुलूप

चोरी झाल्याचे कळायला किती वेळ लागला, यावरून संग्रहालयाची प्रकृती ओळखावी. 21 ऑगस्ट 1911 रोजी पॅरिसच्या लूव्रमधून ‘मोनालिसा’ गेली. सोमवार होता, संग्रहालय बंद होते. भिंतीवरची रिकामी जागा दिसत होती, पण चित्र छायाचित्र काढण्यासाठी नेले असेल असे समजून जो तो पुढे गेला. चोरी झाली हे मंगळवारी लक्षात आले. चोर विन्चेंझो पेरुजा हा तिथेच चित्रांना काचा बसवण्याचे काम करून गेलेला कामगार होता. त्या एका दिवसाच्या उशिराने लूव्रची जगभर नाचक्की झाली. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने जाहीर केले की, भांडारातल्या काही वस्तू गहाळ झाल्या आहेत, काही चोरीला गेल्या आहेत, काहींची नासधूस झाली आहे. आकडा निघाला सुमारे 2,000. आणि हे वर्षानुवर्षे चालले होते.

ही दुसरी घटना नीट पाहण्यासारखी आहे. गेलेल्या वस्तू म्हणजे सोन्याचे दागिने, कोरीव खडे, काचेवरचे नाजूक काम. त्या दालनात मांडलेल्या नव्हत्या. अभ्यासकांसाठी म्हणून कपाटांत ठेवलेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची स्वतंत्र, सचित्र नोंदच झालेली नव्हती. डेन्मार्कमधल्या एका पुरावस्तू विक्रेत्याला ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर असे खडे दिसू लागले. संग्रहालयाच्याच सूचीतली एक वस्तू त्याला तिथे ओळखू आली, तेव्हा त्याची खात्री पटली. 2021 मध्ये त्याने संग्रहालयाला लेखी कळवले. उत्तर आले की, संग्रह सुरक्षित आहे. दोन वर्षांनी तेच संग्रहालय जगाची क्षमा मागत होते आणि संचालक हार्टविग फिशर यांनी राजीनामा दिला होता. संशय ज्या माजी कर्मचाऱ्यावर आहे त्याने आरोप नाकारले आहेत. दोषी कोण, हा प्रश्न न्यायालयाचा. माझा प्रश्न वेगळा आहे. तक्रार हातात असताना ‘सगळे जागेवर आहे’ असे उत्तर कशाच्या आधारावर दिले गेले? ज्या वस्तूची नोंदच नाही, ती जागेवर आहे की नाही हे तपासणार कसे?

संग्रहालयाच्या सुरक्षेची चर्चा निघाली की आपण पहारेकरी, कॅमेरे आणि काचेची जाडी यांविषयी बोलतो. मालकीच्या वादाची चर्चा निघाली की बोलणे साम्राज्ये, लूट आणि राष्ट्राभिमान याकडे वळते. या दोन चर्चा वेगवेगळ्या सभागृहांत, वेगवेगळी माणसे करतात. मला वाटते, हीच मूळ चूक आहे. आपल्याकडे काय आहे आणि ते आपल्याकडे कसे आले, या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून न ठेवल्यामुळेच चोरी खपते आणि वादही पेटतात. म्हणून संग्रहालयाच्या पैशावर पहिला हक्क नोंदवहीचा असला पाहिजे. ती पूर्ण असली पाहिजे, तिची नियमित पडताळणी झाली पाहिजे आणि ती सर्वांना पाहता आली पाहिजे. कुलपाचा नंबर त्यानंतर लागतो.

आंतरराष्ट्रीय कायदा हेच सांगतो, फक्त ती ओळ फारसे कोणी वाचत नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या 1970 च्या करारातले कलम 7 म्हणते की, दुसऱ्या देशातल्या संग्रहालयातून चोरलेली वस्तू सदस्य देशांनी आत येऊ देऊ नये आणि मूळ देशाने मागितल्यास ती परत करण्यासाठी पावले उचलावीत. पण त्याला एक अट जोडलेली आहे: ती वस्तू त्या संस्थेच्या सूचीत नोंदलेली असली पाहिजे. सूचीत नसेल तर करार मदतीला येत नाही. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या डेटाबेसमध्ये 50 हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि 2021 पासून मोबाइलवरूनही त्यात शोध घेता येतो. तिथेही नेमकी ओळख पटवता येईल अशाच वस्तूला जागा मिळते. ‘एक ब्राँझची मूर्ती, अंदाजे दीड फूट’ एवढ्या माहितीवर जगातला कोणताही पोलिस काही करू शकत नाही. 1990 च्या दशकात ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची पद्धत याचसाठी ठरवण्यात आली. छायाचित्र, वस्तूचा प्रकार, माप, कशाची बनली आहे, तिच्यावर काय लिहिले आहे, कुठे टवका उडाला आहे, विषय काय, काळ कोणता, घडवणारा कोण. त्यातली टवक्याची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. एकाच घडणीच्या दहा मूर्ती असू शकतात, पण एकाच ठिकाणी सारखाच तुटलेला कान दोघींना नसतो.

युद्धात तर भिंती आणि पहारे यांचा काही भरवसा राहत नाही. 2022 मध्ये रशियन सैन्य युक्रेनमधले खेरसॉन शहर सोडताना तिथल्या कलासंग्रहालयातून 10 हजारांहून अधिक कलाकृती ट्रकांत भरून नेण्यात आल्या. संग्रहालयाच्या लोकांकडे नोंदी आणि छायाचित्रे उरली होती. रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातल्या एका संग्रहालयात ठेवलेल्या चित्रांची छायाचित्रे आणि चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी एकेक चित्र ताडून ‘हे आमचे’ अशी यादी करायला सुरुवात केली. चित्रे अजून परत आलेली नाहीत, पण उद्या ती कुठल्याही बाजारात आली तरी त्यांची ओळख पुसता येणार नाही. काबूलच्या संग्रहालयातल्या माणसांनी याआधी असाच धीर दाखवला होता. उत्तर अफगाणिस्तानातल्या तिलिया टेपे इथे 1978-79 मध्ये सापडलेले सोन्याचे 20 हजारांवर नग त्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्ती बँकेच्या तळघरात हलवले आणि पुढची सारी वर्षे, तालिबानच्या राजवटीतही, त्याबद्दल तोंड उघडले नाही. तळघर उघडल्यावर 2004 मध्ये तिथे मोजदाद झाली. अशा माणसांची नावे कलेच्या इतिहासात चित्रकारांच्या बरोबरीने यायला हवीत असे मला मनापासून वाटते.

आता मालकीकडे येतो, कारण नोंदीची खरी कसोटी इथे लागते.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या मंदिरातली चोळकालीन नटराजाची ब्राँझमूर्ती 2008 मध्ये कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने 50 लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतली. विक्रेता होता न्यूयॉर्कचा सुभाष कपूर. मूर्तीबरोबर कागदपत्रे होती आणि त्यांवरून ती भारताबाहेर फार पूर्वी, 1972 चा पुरावस्तू कायदा येण्याआधीच गेल्याचे दिसत होते. कागद खोटे होते. ते खोटे ठरवले कोणी? पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने. ही संस्था 1950 च्या दशकापासून दक्षिणेतल्या मंदिरांची छायाचित्रे शांतपणे काढत आली आहे. तिच्या संग्रहात हीच मूर्ती 1990 च्या दशकात मंदिरात असल्याचे छायाचित्र निघाले. कपूरला 2011 मध्ये फ्रँकफर्टला अटक झाली आणि मूर्ती 2014 मध्ये परत आली. त्या छायाचित्रकाराने कॅमेरा लावला तेव्हा त्याच्या मनात कोणताही खटला नव्हता. त्याला फक्त मूर्तींची नोंद ठेवायची होती. एवढ्या मोठ्या गॅलरीच्या खरेदी समितीला जे विचारायचे सुचले नाही, ते त्या एका छायाचित्राने विचारले.

कॅनबेराच्या गॅलरीतली माणसे वाईट होती असे मी म्हणत नाही. पण खरेदीच्या वेळी कोणता प्रश्न विचारला जातो ते पाहावे. ‘कागद आहेत का?’ असे विचारले जाते. ‘हे कागद खरे आहेत हे आपण स्वतः कुठे जाऊन तपासले?’ असे सहसा विचारले जात नाही, कारण त्या उत्तराने हातातली सुंदर वस्तू निसटण्याची भीती असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 1972 मध्ये युफ्रोनिओसने रंगवलेला ग्रीक कुंभ 10 लाख डॉलरना घेतला, तेव्हाही एका लेबनॉनी संग्राहकाची गोष्ट सांगितली गेली आणि ती मान्य झाली. 1995 मध्ये जिनिव्हातल्या एका गोदामावर छापा पडला. तिथे दलाल जाकोमो मेदिची याच्याकडे हजारो पोलरॉइड छायाचित्रे सापडली. नुकत्याच उकरून काढलेल्या, मातीने माखलेल्या, तुकड्यांतल्या वस्तूंची. दलालाने आपल्या धंद्यासाठी ठेवलेली नोंद त्याच्यावरच उलटली. इटलीच्या जमिनीतून चोरून उकरलेला तो कुंभ 2008 मध्ये इटलीला परत गेला. म्हणजे या काळ्या बाजाराची नोंदवही दलालाकडे होती आणि संग्रहालये तोंडी कहाण्यांवर भागवत होती. माझ्या मते कोणत्याही अभ्यासू संस्थेला याहून मोठी नामुष्की नाही.

कधी कधी दगडच साक्ष देतो. कंबोडियातल्या कोह केरच्या प्रासात चेन मंदिरात दहाव्या शतकातली शिल्पे होती. चोरांनी ती घोट्यापासून तोडून नेली. पावले चौथऱ्यांवरच राहिली. त्यातला दुर्योधन 1975 मध्ये लंडनमध्ये विकला गेला आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावासाठी आला. तेव्हा अभ्यासकांनी धड आणि मंदिरातली पावले जुळवून दाखवली. खटला झाला आणि 2014 मध्ये शिल्प मायदेशी गेले. पण प्रत्येक वस्तूची पावले मागे राहत नाहीत. म्हणूनच वस्तू जिथे आहे तिथे, मंदिरात, गावात, छोट्या जिल्हा संग्रहालयात, तिची नोंद होणे गरजेचे असते. श्रीमंत संग्रहालये परदेशी मोहिमांवर जो खर्च करतात, त्यातला काही भाग या कामासाठी राखून ठेवावा.

नोंद असली तरी ती दडवून ठेवण्याचा प्रकार वेगळा आणि जास्त दुःखद आहे. ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टची ब्लॉख-बाउअर कुटुंबाकडची चित्रे व्हिएन्नाच्या बेल्व्हेदेर संग्रहालयात दशकानुदशके टांगलेली होती. आडेले ब्लॉख-बाउअर यांनी मृत्युपत्राने ती राष्ट्राला दिली, असे सरकार सांगत असे. 1998 मध्ये ऑस्ट्रियाने दफ्तरे खुली केली, तेव्हा पत्रकार हुबेर्टुस चेर्निन यांनी कागद उघडून पाहिले. आडेले यांनी पतीला केवळ विनंती केली होती. चित्रांचा मालक पती होता, आणि नाझींनी त्याची मालमत्ता हिरावून घेतली होती. वारस मारिया आल्टमन यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. अखेर 2006 मध्ये लवादाने पाच चित्रे परत देण्याचा निर्णय दिला, तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. सत्य सरकारी कपाटात होते आणि एका वृद्ध स्त्रीला ते सिद्ध करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च करावी लागली. नाझी लुटीतल्या कलाकृतींबाबतची वॉशिंग्टन तत्त्वे त्याच 1998 साली 44 देशांनी मान्य केली, पण ती बंधनकारक नाहीत. दफ्तर उघडणे संस्थेच्या मर्जीवर सोडले की काय होते, ते व्हिएन्नात दिसले.

या आग्रहावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप सुरक्षा विभागाचा: सगळी यादी उघड केली तर आपण चोरांना खरेदीची यादीच देतो. वस्तू नेमकी कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात आहे ही माहिती अर्थातच बाहेर जाऊ नये. तेवढे झाकून बाकीचे उघडे ठेवता येते. शिवाय ब्रिटिश म्युझियममधून जे गेले ते जाहीर यादीमुळे गेले नाही, यादी नसल्यामुळे गेले. जगाला ठाऊक असलेली वस्तू विकणे फार कठीण असते. या आक्षेपाचा एक भाग मात्र मी मान्य करतो. सोने आणि हिरे यांच्याबाबत नोंद अपुरी पडते. बर्लिनच्या बोडे म्युझियममधून 2017 मध्ये 100 किलो सोन्याचे नाणे गेले. त्याची नोंद जगात सर्वांना माहीत होती, तरी ते मिळाले नाही आणि ते वितळवले गेले असावे असेच मानले जाते. ऑक्टोबर 2025 मध्ये लूव्रच्या अपोलो दालनातून अवघ्या काही मिनिटांत 8 राजदागिने गेले. किंमत सांगितली गेली 8 कोटी 80 लाख युरो. चोर शिडीच्या ट्रकवरून ज्या सज्जात उतरले, तो बाहेरच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात नव्हता. जी वस्तू तोडून, वितळवून विकता येते तिला जाड काच, जागता पहारा आणि चालू कॅमेरा लागतोच.

आणि ‘चालू’ या शब्दावर जोर द्यायला हवा. कैरोच्या महमूद खलील म्युझियममधून 2010 मध्ये व्हॅन गॉगचे फुलांचे चित्र गेले, तेव्हा 43 पैकी केवळ 7 कॅमेरे चालू होते. हेच चित्र 1977 मध्येही एकदा चोरीला जाऊन परत मिळाले होते. 2010 मध्येच पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयातून पिकासो, मातिस, ब्राक, मोदिल्यानी आणि लेजे यांची पाच चित्रे गेली. गजराची यंत्रणा काही आठवडे नादुरुस्त होती. यंत्र विकत घेताना समारंभ होतो, दुरुस्तीच्या प्रस्तावावर कोणी लवकर सही करत नाही. नोंदींचेही नेमके तेच होते. नवे दालन उघडायला देणगीदार मिळतात, पण तळघरातल्या 40 हजार खापरांची छायाचित्रे काढायला कोण पैसे देणार?

दुसरा आक्षेप संचालक खासगीत बोलून दाखवतात. वस्तू कुठून आली ते छापले, तर उद्या मागणीची पत्रे येतील. येतील, आणि यायलाच हवीत. जनतेच्या पैशावर चालणारी संस्था एखाद्या गोष्टीची मालकी सांगते आणि ती मालकी तपासली जाऊ नये म्हणून कागद दडवते, हे मला कोणत्याही तर्काने समर्थनीय वाटत नाही. मुदत उलटून गेली, असा कायदेशीर बचाव तर अशा संस्थेने करूच नये. वारसांना माहिती नव्हती म्हणून मुदत उलटली, आणि माहिती संस्थेकडेच होती. शिवाय प्रत्येक मागणीचा शेवट रिकाम्या भिंतीत होत नाही. 1897 मध्ये ब्रिटिश फौजांनी बेनिन शहर लुटून नेलेल्या कलाकृतींपैकी बर्लिनच्या संग्रहातल्या 512 वस्तूंची मालकी 2022 मध्ये नायजेरियाकडे गेली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वस्तू उसनवारीच्या कराराने बर्लिनमध्येच पाहायला मिळतात. त्याच वर्षी ‘डिजिटल बेनिन’ हा प्रकल्प खुला झाला. 20 देशांतल्या 131 संस्थांमध्ये विखुरलेल्या 5,000 हून अधिक वस्तू त्यात एकत्र पाहता येतात. काय कुठे आहे हे दोन्ही पक्षांना दिसत असेल, तर वाटाघाटीला निदान जमीन मिळते. लंडनमध्ये मात्र 1963 चा कायदा ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांचे हात बांधून ठेवतो, संग्रहातली वस्तू सहसा देऊन टाकू देत नाही. ग्रीस परत मागत असलेली अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे आमच्याकडे अधिक सुरक्षित आहेत, हा तिथला जुना युक्तिवाद 2023 मध्ये उघड झालेल्या चोरीने मोडला. ग्रीसमधून लगेच तसे बोलले गेले, आणि ते रास्तच होते.

नोंदवही सर्वांत महत्त्वाची असेल तर तिच्यावरही पहारा हवा. ब्रिटनमध्ये जॉन ड्रू नावाच्या माणसाने टेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांसारख्या संस्थांच्या अभिलेखागारांत प्रवेश मिळवून जुन्या दफ्तरांत बनावट कागद घुसवले, म्हणजे त्याने विकलेली नकली चित्रे खरी वाटावीत. 1999 मध्ये त्याला शिक्षा झाली. चित्र चोरीला गेले तर एक वस्तू जाते. दफ्तर नासवले तर त्यातल्या प्रत्येक कागदावरचा विश्वास जातो. म्हणून जुनी नोंद कोणालाही खोडता येऊ नये. दुरुस्ती झाली तर कोणी, कधी, का केली हे खाली दिसावे आणि प्रत दुसऱ्या संस्थेकडे असावी. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच ती मोजायची ही पद्धतही बंद झाली पाहिजे. बँकेत रोखपाल स्वतःच्या तिजोरीचा लेखापरीक्षक नसतो. अभिरक्षकाच्या बाबतीत मात्र विद्वत्तेचा मान राखायचा म्हणून आपण हे चालवून घेतो. बाहेरच्या माणसाने, आधी न सांगता, कोणतेही कपाट निवडून उघडावे आणि यादीशी ताडून पाहावे. यात प्रामाणिक अभिरक्षकाचा अपमान नाही. उलट वीस वर्षांनी काही कमी निघाले, तर तो निर्दोष असल्याचा पुरावा यातूनच मिळेल.

नोंदीत रिकाम्या जागाही छापल्या जाव्यात, हा माझा शेवटचा आग्रह. ‘1933 ते 1951 : माहिती नाही’ असे लिहायला संस्था लाजतात. पण ती ओळ वाचूनच कुठल्या तरी घरातली नात जुन्या अल्बममध्ये भिंतीवरचे तेच चित्र शोधू शकते. तिला दुसरा कुठलाही मार्ग नसतो.

ब्रिटिश म्युझियमला हे उशिरा का होईना कळले. चोरी उघड झाल्यावर दोन महिन्यांत त्याने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची डिजिटल नोंद करण्याचे जाहीर केले. सुमारे 24 लाख नोंदी नव्याने चढवायच्या किंवा सुधारायच्या आहेत. हे काम करणाऱ्यांचे पगार कोणत्याही प्रदर्शनाच्या तिकिटातून निघणार नाहीत. म्हणून दडपण पैसे देणाऱ्यांकडूनच यावे लागेल. एखादे सरकार परदेशातून येणाऱ्या कलाकृतींसाठी हमी देते, विमा कंपनी हप्ता ठरवते, देणगीदार नव्या दालनावर आपले नाव मागतो, दुसरे संग्रहालय वस्तू उसनी देते, तेव्हा प्रत्येकाने सही करण्याआधी दोन आकडे मागावेत: संग्रहातल्या किती वस्तूंची सचित्र नोंद झाली आहे आणि त्यांपैकी किती वस्तू गेल्या वर्षभरात कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. हे आकडे संग्रहालयाच्या वार्षिक अहवालात, प्रेक्षकसंख्येच्या वर, पहिल्या पानावर छापले जावेत.